श्रीलंकेच्या बातम्यांतून हरवलेले डोंगर

महोदय,

नोव्हेंबर 2025च्या अखेरीस आलेल्या दितवा चक्रीवादळाने श्रीलंकेत सहाशेहून अधिक बळी घेतले. त्या काळात मराठी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर कोलंबोतील जलमय वस्त्या आणि केलनी नदीचा पूर वारंवार दिसला. परंतु दरडींखाली शेकडो माणसे जिथे गाडली गेली, त्या कँडी, बदुल्ला आणि नुवारा एलिया या जिल्ह्यांची भूमी कशी आहे, याविषयी समाधानकारक असे काही माझ्या तरी वाचनात आले नाही. ‘श्रीलंकेत अतिवृष्टी’ एवढ्या मथळ्यावर भागवले की सगळे बेट सारखेच भिजले असा समज होतो. तसे त्या बेटावर सहसा घडत नाही, आणि त्याचे कारण त्याच्या मध्यभागी उभे असलेले डोंगर हे आहे.

महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून किंचित मोठ्या असलेल्या या बेटाचा बहुतांश भाग सखल आहे. मध्यभागी, थोडे दक्षिणेकडे सरकून, डोंगराळ प्रदेश उठतो आणि पिदुरुतलागला या शिखरापाशी 2,524 मीटरची उंची गाठतो. कळसूबाई 1,646 मीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे अंदाज येईल. ही रांग सह्याद्रीसारखी किनाऱ्याला समांतर गेलेली सलग भिंत नाही. मुख्य उंच प्रदेश, त्याच्या दक्षिणेला तुटलेला कडा, ईशान्येला नकल्सची रांग आणि नैऋत्येला रकवानाचे डोंगर असा तो पसारा आहे. खडकही आपला नव्हे. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तर इथले चार्नोकाइट, क्वार्ट्‌झाइट आणि खोंडालाइट हे रूपांतरित खडक अब्जावधी वर्षांच्या हिशेबात मोजावे लागतात आणि त्यांचे नाते पूर्व घाटाशी अधिक जवळचे आहे. समुद्राकडून आत जाताना जमीन तीन पायऱ्यांनी चढते, हे भूगोलाच्या जुन्या अभ्यासकांच्या लक्षात आले होते. 1938 पासून काही वर्षे तिथल्या सरकारी सेवेत असलेले भारतीय भूवैज्ञानिक दा. नो. वाडिया यांनी या पायऱ्या म्हणजे टप्प्याटप्प्याने वर उचलले गेलेले भूकवचाचे तुकडे होत, अशी उपपत्ती मांडली. तिच्यावर पुढे आक्षेप घेतले गेले. पायऱ्या मात्र आजही दिसतात, आणि दक्षिणेकडील पायरीची कड किती उभी आहे हे हॉर्टन प्लेन्सच्या पठारावरून सुमारे 870 मीटर खाली कोसळणाऱ्या कड्यावर उभे राहिले की कळते.

आता पावसाविषयी, कारण खरा मुद्दा तोच आहे. आपल्याकडे घाटमाथ्यावर पाऊस आणि माणदेशात दुष्काळ हे समीकरण वर्षभर एकाच बाजूने चालते. श्रीलंकेच्या डोंगरांना मात्र दोन मान्सून भेटतात. मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्येचे वारे पश्चिम उतारावर आदळतात. गिनिगतहेना आणि वटवळा या परिसरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच दिवसांत पलीकडच्या उवा खोऱ्यात कोरडा वारा वाहत असतो. हा वारा डोंगर उतरताना तापतो आणि पूर्व किनाऱ्यावरील बट्टिकलोआपर्यंत त्याची झळ पोहोचते; तिकडे त्याला ‘कच्चान’ म्हणतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येचे वारे आले की पारडे फिरते. वातसन्मुख (वाऱ्यासमोरचा उतार) आणि वातविन्मुख (वाऱ्याच्या आडचा उतार) हे शब्द आपण शाळेत एकदाच पाठ करून मोकळे होतो. इथे तेच उतार वर्षातून दोनदा आपली भूमिका बदलतात. चहाचे व्यापारी हे नकाशाविना जाणतात: उवाचा उत्तम चहा जुलै ते सप्टेंबरमध्ये खुडला जातो, तर पश्चिमेकडील दिंबुलाचा जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे ज्याच्या त्याच्या कोरड्या हंगामात.

या दोन मान्सूनांमधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या काळात बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे बेटाकडे येतात, आणि दितवा त्याच काळातले होते. दरडींच्या तारखा या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. 17 मे 2016 रोजी अरनायके येथील डोंगर खचला, तो पश्चिम बाजूचा. 29 ऑक्टोबर 2014 रोजी बदुल्ला जिल्ह्यात कोसलंदाजवळच्या मीरियाबेद्दा येथे चहामळ्यातील मजुरांची वस्ती गाडली गेली, ती दक्षिणेकडच्या कड्याखालची. त्याच वर्षी 30 जुलैला आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ढिगाऱ्याखाली गेले होते. मीरियाबेद्दाची बातमी त्या वेळी माळीणच्या संदर्भात कोणी वाचली असती, तर तिचे महत्त्व आपल्याकडे अधिक लक्षात आले असते.

केवळ पाऊस हे कारण नव्हे. दमट हवेत खडक खोलवर कुजून मातीचा जाड थर तयार होतो. त्यावरचे जंगल एकोणिसाव्या शतकात आधी कॉफीसाठी आणि 1869 नंतर तांबेरा रोगाने कॉफी बुडाल्यावर चहासाठी तोडले गेले, आणि तमिळ मुलखातून आणलेल्या मजुरांच्या खोल्यांच्या रांगा उतारावरच बांधल्या गेल्या. आजही त्यांच्या वंशजांपैकी अनेक कुटुंबे त्याच उतारावर राहतात. दरडीत कोण मरते, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे पुष्कळ अंशी मळ्यांच्या इतिहासात सापडते.

या डोंगरांचे देणेही तेवढेच मोठे आहे. बेटाच्या प्रमुख नद्या इथून चहूबाजूंनी निघतात. केंद्रत्यागी नदीप्रणालीचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आपल्या शेजारात शोधून सापडणार नाही. त्यांतली सर्वांत लांब, 335 किलोमीटरची महावेली, ओल्या पश्चिम डोंगरांत उगम पावून, कँडीला वळसा घालून, कोरड्या प्रदेशातून त्रिंकोमालीजवळ समुद्राला मिळते. 1970 च्या दशकात पोलगोल्ल येथून बोगद्याने तिचे पाणी उत्तरेच्या कोरड्या भागाकडे वळवण्यात आले, आणि पुढे 122 मीटर उंचीचे व्हिक्टोरिया धरण बांधले गेले. कोयनेचे पूर्ववाहिनी पाणी आपण विजेसाठी पश्चिमेला कोकणात सोडतो, म्हणजे दुष्काळी भागाकडे पाठ फिरवून; महावेलीवर वीज तर मिळतेच, शिवाय पाणी कोरड्या शेतीकडे जाते. सातारा जिल्ह्यातील रहिवासी म्हणून हा फरक मला नोंदवावासा वाटतो, जरी तिथल्या विस्थापितांच्या आणि खर्चाच्या तक्रारी कमी नाहीत.

माझी विनंती साधी आहे. पुढच्या वेळी श्रीलंकेतील अतिवृष्टीची बातमी छापताना जिल्ह्यांच्या सीमांच्या नकाशाऐवजी उंची दाखवणारा नकाशा द्यावा, आणि बाधित गाव डोंगराच्या कोणत्या अंगाला आहे व त्या महिन्यात वारे कुठून वाहत होते, याची एक ओळ बातमीत घालावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, कराड