निळ्या फाईलबद्दल

एडिसन, न्यू जर्सी
९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा बाबांनी "घे, आईशी बोल" म्हणून फोन आईकडे दिला, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्यानं वाच, बाबा पेपर तोंडासमोर धरून बसले तरी वाच.

बाबा, माझं चुकलं ते आधी सांगते. तुमची निळी फाईल मी तुम्हाला न विचारता उघडली. सप्टेंबरमध्ये तुम्ही दोघं रूझवेल्ट पार्कला फिरायला गेलेलात तेव्हा एकेक पावती बाहेर काढून फोटो काढले, सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, पाठवले, परत जशी होती तशी लावून ठेवली, आणि मग तुम्ही सांगलीला निघायच्या आदल्या आठवड्यात बॅगांचं वजन करायच्या गडबडीत आयपॅडवर तुमच्या सह्या घेतल्या, "टॅक्सचं आहे, इथं बोट फिरवा" एवढंच सांगून. तुम्ही आयुष्यात न वाचता कुठं सही केली नाहीत, माझ्याकडं बघून केलीत. मग सीपीएचं ते मेल तुम्हालाही गेलं आणि त्यात सगळ्या एफड्या, नंबरासकट. २०१९ ला पुराचं पाणी जिन्यापाशी आलं तेव्हा तुम्ही टीव्ही सोडलात, दिवाण सोडलात, आणि पहिली ती फाईल माळ्यावर टाकलीत. मला माहीत होतं बाबा ती फाईल म्हणजे काय आहे. तरी विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असतात आणि १५ ऑक्टोबरची मुदत निघून गेली असती.

पण जे भरलं ते भरायलाच हवं होतं, त्याबद्दल मी माफी मागणार नाही. ग्रीन कार्ड झालं की माणसाचं उत्पन्न जगात कुठंही असो, ते इथल्या सरकारच्या हिशोबात येतं. तुम्ही मे २०२४ ला उतरलात, म्हणून सांगलीतलं व्याज, पेन्शन, सगळं आलं. आणि शिवाय तो एफबार. भारतातल्या सगळ्या खात्यांची रक्कम मिळून वर्षात एक दिवस जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, म्हणजे साधारण पावणेनऊ लाख, तर प्रत्येक खात्यात वर्षभरातली जास्तीत जास्त शिल्लक किती होती ते कळवायचं. हा टॅक्स नाही बाबा, नुसती माहिती आहे, पण नाही दिली तर दंड दहा हजार डॉलरच्याही वर जाऊ शकतो आणि तो तुमच्या नावावर येतो, माझ्या नाही, ह्यामुळंच मला झोप लागत नव्हती. लपवून राहतही नाही, २०१५ ला भारतानं अमेरिकेबरोबर फॅटकाच्या, म्हणजे खात्यांची माहिती कळवायच्या, करारावर सही केली तेव्हापासून तिकडच्या बँका माहिती कळवतात. रिटायर व्हायच्या आधी तुम्हीच काउंटरवर लोकांकडून फॅटकाचे फॉर्म भरून घेत होतात, रात्री जेवताना कटकट करायचात त्याची, मला आठवतंय.

आणि पैसा एक डॉलर गेलेला नाही. २०२४ साठी नवराबायकोनं आख्ख्या वर्षाचा एकत्र रिटर्न भरला आणि दोघंही ६५ च्या पुढचे असतील तर ३२,३०० डॉलरचं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, म्हणजे तेवढ्या उत्पन्नावर टॅक्स नाही, तुमची पेन्शन आणि सगळं व्याज मिळून त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. टॅक्स शून्य. रिटर्न नसता भरला तरी कदाचित चाललं असतं पण ग्रीन कार्डवाल्यानं भरलेला बरा, उद्या सिटीझनशिपला कुणी विचारलं तर दाखवायला कागद हवा, आणि तुमच्याइतकं हे कुणाला पटणार, तीस वर्षं लोकांना "कागद ठेवा, कागद ठेवा" म्हणून सांगितलंत. तुम्हाला चोर कुणीही समजत नाही. तुम्ही फोनवर तो शब्द वापरलात तेव्हा मी किचनमध्ये जाऊन रडले.

आई, तुझ्या पोस्टातल्या खात्याचं बाबांना माहीत नव्हतं हे मला खरंच माहीत नव्हतं गं. पासबुक फाईलच्या मागच्या कप्प्यात होतं, मला वाटलं दोघांचं आहे. यादीत आलं ते त्यामुळं. माझ्या लग्नातल्या पाटल्या कुठून आल्या ते मला आत्ता कळलं. बाबा, तिला काही बोलू नका.

सुट्टीत तुम्ही मला बँकेत घेऊन जायचात, उंच स्टुलावर बसवायचात आणि रद्द झालेल्या स्लिपांवर शिक्के मारायला द्यायचात, जांभळी बोटं घेऊन घरी आले की आई ओरडायची. मला वाटायचं बँक तुमचीच आहे. अजून कुठं स्टॅम्पपॅडचा वास आला की मी सात वर्षांची होते.

आता ऐका. शाखेतले ओळखीचे लोक "साहेब, पंधरा एच देऊन टाका" म्हणतील, अजिबात द्यायचा नाही. व्याजावर टीडीएस कापू नका म्हणून सांगायचा तो रेसिडेंट माणसाचा फॉर्म, तुम्ही आता एनआरआय आहात. सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं, करायचं राहिलंय ते याच महिन्यात करा. मग व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापतील, बघून बीपी वाढवू नका, जुलैत भारतातला रिटर्न भरू तेव्हा जास्तीचा परत मागता येतो. म्युच्युअल फंडवाला एजंट घरी येईल, त्याला चहा द्या आणि पाठवा, इथं तसल्या प्रत्येक फंडाचा वेगळा किचकट फॉर्म असतो. लाइफ सर्टिफिकेट ३० तारखेच्या आत, बोटाचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून होतं मोबाईलवर, शेजारच्या पोराला सांगा. आणि १० मार्चचं तिकीट पुढं ढकलायचं नाही म्हणजे नाही. तिकडं १४७ दिवस होतात, १८२ झाले की भारताचा टॅक्सचा सगळा हिशोब बदलतो आणि इकडं सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं तर विमानतळावर प्रश्न विचारतात.

आई, गुडघा मिरजेला दाखवून घेच, पुढं ढकलू नकोस. मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्या माणसांचा सरकारी इन्शुरन्स, इथं पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय विकतसुद्धा मिळत नाही, म्हणजे मे २०२९, तोवर आत्ताच्या इन्शुरन्सवर ऑपरेशन नको वाटतं मला. खालची खोली आता तुमची केलीय, जिना नको. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली, कमोडची सीट उंच केली. ओक ट्री रोडला ज्वारीचं पीठ ताजं मिळायला लागलंय, तुझ्या हातची भाकरी होईल तसलं. बाबांसाठी खुर्ची खिडकीपाशी हलवली, हीटरच्या झोतात यायची म्हणून तुम्ही काही न बोलता शाल घेऊन बसायचात, मला उशिरा लक्षात आलं.

बाबा, २०२५ चा एफबार आपण दोघं टेबलावर बसून करू. फाईल तुम्ही उघडायची, आकडे तुम्ही वाचायचे, मी फक्त टाइप करते, आणि तुम्ही वाचल्याशिवाय सही नाही. यांना जानेवारी ते डिसेंबर लागतं, आपलं मार्चअखेरचं चालत नाही, म्हणून ३१ डिसेंबर झाला की सगळी पासबुकं छापून आणा. फोटो पाठवू नका. फाईल हँडबॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको.

आई, बाबा काही बोलले नाहीत तरी राहू दे. लाइफ सर्टिफिकेट झालं का तेवढं कळव.

तुमची,
मनू