क्वांटमला वेठीस धरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्याख्यानमालांचा हंगाम आला की कोल्हापुरात कुणी ना कुणी व्यासपीठावरून सांगतंच, ‘आपल्या ग्रंथांत आहे तेच आता क्वांटमने (म्हणजे अणू-रेणूंच्या पातळीवरच्या भौतिकशास्त्राने) सिद्ध केलंय!’ टाळ्या पडतात. परवाही पडल्या. जयंत नारळीकरांच्या जन्मगावात हे ऐकताना हयातभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला नुसतं चुळबुळत बसावं लागतं. अशा वक्त्यांनी जॉन पॉल्किंगहॉर्न (१९३०-२०२१) जरूर वाचावेत.

हे केंब्रिजमध्ये गणिती भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पीएच.डी. अब्दुस सलाम यांच्या मार्गदर्शनाखाली, क्वांटमचे धडे थेट त्या शास्त्राच्या जनकांपैकी एक असलेल्या डिरॅक यांच्या वर्गात. मूलकणांवर काम केलं, १९७४ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. आणि १९७९ मध्ये, म्हणजे सलाम यांना नोबेल मिळालं त्याच वर्षी, यांनी प्राध्यापकी सोडली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर पाद्री होण्याच्या शिक्षणासाठी पुन्हा विद्यार्थी झाले. १९८२ मध्ये दीक्षा मिळाली. मग ब्रिस्टलच्या कामगार वस्तीत साहाय्यक पाद्री, पुढे केंटमधल्या ब्लीन गावचं चर्च. आपल्याकडे निवृत्तीनंतरही खुर्ची सुटत नाही, म्हणून हे मला विशेष वाटतं. (पुढे ते केंब्रिजला परतले आणि क्वीन्स कॉलेजचे प्रमुख झाले. १९९७ मध्ये नाइटहूड मिळाला, पण पाद्री असल्याने नावामागे ‘सर’ लागलं नाही.)

एवढा अधिकार असूनही ‘क्वांटमने देव सिद्ध झाला’ असा दावा त्यांनी केला नाही. उत्क्रांती त्यांना मान्य होती, महास्फोटही. विज्ञानाला आज जे उमगलेलं नाही तिथे देव नेऊन बसवायला त्यांचा ठाम विरोध होता; उद्या उत्तर सापडलं की त्या देवाला जागा खाली करावी लागणार! विज्ञान आणि धर्म वेगवेगळे प्रश्न विचारतात हे सांगणारं त्यांचं चहाच्या किटलीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. पाणी का उकळतंय? गॅस पेटलाय म्हणून. आणि मला चहा हवाय म्हणूनही. दोन्ही उत्तरं खरी, पण दुसरं उत्तर थर्मामीटर लावून मिळत नाही आणि पहिल्याचा पुरावा म्हणूनही चालत नाही.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. सुरुवातीच्या किंचित फरकानेही पुढचं सगळं बदलतं असं सांगणाऱ्या केऑस सिद्धांतातल्या अनिश्चिततेत ते ईश्वरी कृतीला वाव शोधतात, तिथे माझी गाडी अडते. त्यातली समीकरणं नियतच असतात, म्हणजे आजच्या स्थितीवरून उद्याची स्थिती पक्की ठरते. भाकीत आपल्याला जमत नाही म्हणून निसर्ग मोकळा आहे असं कसं म्हणायचं? पण हा आक्षेप त्यांच्यापुढेही मांडला गेला आणि त्यांनी तो टाळला नाही, उत्तर दिलं.

आमच्याकडे मात्र व्याख्यान संपलं की लगेच आभारप्रदर्शन. आयोजकांनी निदान ‘विज्ञान आणि अध्यात्म’ या विषयाला तरी अर्धा तास प्रश्नोत्तरांना ठेवावा आणि वक्त्याला फळा-खडू द्यावा. कोणत्या समीकरणावरून काय सिद्ध झालं, ते श्रोत्यांपुढे लिहून दाखवू द्या.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर