नोंद झाली म्हणून वास्तू वाचत नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील जुन्या वास्तूंविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा एक समजूत हमखास आढळते, ती अशी की वास्तूची तेथील ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली की तिला कोणी हात लावू शकत नाही. मी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात राहतो आणि ही समजूत किती अपुरी आहे हे जवळून पाहत आलो आहे. १९६६ च्या राष्ट्रीय वारसा जतन कायद्याने ही नोंदवही अस्तित्वात आली खरी, परंतु खासगी मालक स्वतःच्या पैशाने आपली नोंदलेली इमारत पाडू लागला तर ती नोंद त्याला अडवत नाही. अडवण्याचा अधिकार असतो शहराच्या स्थानिक नियमांना, आणि तेही दर वेळी पुरे पडतात असे नाही.

ग्रेट नॉर्दर्न या धान्यकोठाराचे उदाहरण ताजे आहे. एरी सरोवराला हडसन नदीशी जोडणाऱ्या एरी कालव्यामुळे बफेलो धान्याच्या व्यापाराचे मोठे बंदर झाले आणि वाफेच्या यंत्राने धान्य वर चढवणारे पहिले धान्यकोठार १८४२ मध्ये याच शहरात उभे राहिले. १८९७ मध्ये बांधलेले ग्रेट नॉर्दर्न त्याच परंपरेतले. आत पोलादी कोठ्या, बाहेर विटांचे कवच. १९९० पासून त्याला स्थानिक संरक्षित वास्तूचा दर्जा होता. डिसेंबर २०२१ मधील वादळात त्याच्या उत्तरेकडील भिंतीला मोठे भगदाड पडले आणि शहर प्रशासनाने तातडीची बाब म्हणून इमारत पाडण्यास परवानगी दिली. आतल्या कोठ्या त्या भिंतीवर उभ्या नव्हत्या, म्हणून भिंत दुरुस्त करावी, असे जतनाच्या बाजूचे लोक सांगत राहिले आणि न्यायालयातही गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये पाडकाम सुरू झाले. ‘तातडी’ हा एक शब्द संरक्षणाच्या सगळ्या तरतुदींवरून उडी मारून जाऊ शकतो, हे मला तेव्हा उमगले.

या शहराला हा धडा नवा नव्हता. प्रसिद्ध वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी लार्किन कंपनीसाठी बांधलेली, १९०६ मध्ये पूर्ण झालेली कार्यालयाची इमारत १९५० मध्ये पाडली गेली. आज तिच्या कुंपणाचा विटांचा एकच मूळ खांब उरला आहे आणि जगभरचे वास्तुशास्त्राचे विद्यार्थी तो पाहायला येतात. वास्तुकार लुई सलिव्हन यांची १८९६ ची गॅरंटी बिल्डिंगही पाडली जाणारच होती. ती वाचली, कारण नागरिक उभे राहिले, न्यूयॉर्कचे तेव्हाचे सिनेटर मॉयनिहन यांनी वजन खर्ची घातले आणि दुरुस्तीसाठी पैसा वेळेवर मिळाला. नोंद उपयोगी पडते ती अशा वेळी, पैशाचे दार उघडणारी किल्ली म्हणून. नोंदलेल्या, उत्पन्न देणाऱ्या इमारतीच्या मान्य दुरुस्तीखर्चावर केंद्र सरकार २० टक्के करसवलत देते.

मात्र मला विशेष कळकळीने लिहायचे आहे ते साध्या घरांविषयी, कारण मोठ्या वास्तुकारांच्या इमारतींना कैवारी मिळतात, या घरांना मिळत नाहीत. पूर्व भागातील ब्रॉडवे-फिलमोर वस्तीत पोलिश कामगारांनी बांधलेली लाकडी घरे अजून दिसतात. पुढे एक लहान घर, त्याला मागे जोडलेली खोली, तिच्या मागे आणखी एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी बुटकी. कुटुंब वाढेल आणि हातात चार पैसे येतील तसतसे घर मागे वाढत गेले. दुर्बीण उघडावी तसे ते दिसते, म्हणून येथील लोक त्याला टेलिस्कोप घर म्हणतात. अशा एका घराच्या दुरुस्तीत मी काही शनिवार हातभार लावला. वर सरकणाऱ्या खिडकीला तोलणाऱ्या वजनाची तुटलेली दोरी बदलण्यासाठी चौकटीची फळी काढली तर आत ते लोखंडी वजन जसेच्या तसे पडून होते. नवी दोरी ओवली आणि रंगाचे थर खरवडले, तेव्हा कित्येक वर्षे बंद असलेले तावदान एका बोटाने वर गेले.

अशा घरांची नोंदच बहुधा झालेली नसते, आणि नोंद नाही म्हणून मदतही नाही. केंद्राची सवलत राहत्या घराला लागू नाही. न्यूयॉर्क राज्याची घरमालकांसाठीची सवलत आहे, पण तीही मुख्यतः नोंदलेल्या ऐतिहासिक भागातील घरांनाच, आणि किमान ५,००० डॉलर खर्च केल्यावर. उलट पाडण्यासाठी मात्र योजना तयार असते. २००७ मध्ये महापालिकेने पाच वर्षांत ५,००० रिकामी घरे पाडण्याचे लक्ष्य जाहीर केले होते. त्यांतली काही खरोखर धोकादायक होती, हे मान्य. पण छप्पर वेळेत शाकारले असते तर किती उभी राहिली असती, हा प्रश्न विचारायला हवा होता. त्याआधी, १९६० च्या दशकात, उद्यानरचनाकार ओल्मस्टेड यांनी आखलेला झाडांच्या रांगांचा हम्बोल्ट पार्कवे खोदून तेथून द्रुतगती मार्ग नेला आणि एक नांदती कृष्णवर्णीय वस्ती दुभंगली. त्या खंदकावर छत घालण्याचा सुमारे एक अब्ज डॉलरचा प्रस्ताव अलीकडे पुढे आला, तोही वादात सापडला.

म्हणून माझे म्हणणे असे, की बफेलोसारख्या शहराने पूर्व भागातील गल्ल्यांची पाहणी आधी पूर्ण करून त्यांची नोंद करावी, आणि पाडकामाला लागणाऱ्या रकमेचा काही हिस्सा छपरे व पाया दुरुस्त करण्यासाठी राहत्या घरमालकांच्या हाती द्यावा. आपल्या वृत्तपत्रातून अमेरिकी शहरांविषयी लिहिणाऱ्यांनीही सलिव्हनच्या इमारतीपाशी न थांबता या गल्ल्यांपर्यंत यावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक
बफेलो, न्यूयॉर्क राज्य