झाड कुणाचं, हे आधी विचार

प्रिय बाळा,

दोन्ही नोकऱ्यांचे कागद वाचले. एक नोकरी उपग्रहाच्या चित्रांवरून झाडं मोजून त्यांत साठलेल्या कार्बनचा हिशेब मांडणाऱ्या गटातली, दुसरी कोरडवाहू भागातल्या गावांत राहून वनसंशोधन करण्याची. ‘तू वनसंशोधनातच आयुष्य काढलंस, आता सांग मी काय करू,’ असं तू लिहिलंयस. निर्णय तूच घ्यायचास. मला जे वाटतं ते फोनवर सांगायला गेले की तू मध्येच तोडतोस, म्हणून कागदावर.

आधी पहिल्या नोकरीबद्दल, कारण मी तिला नाक मुरडणार असं तू गृहीत धरलेलं दिसतंय. तसं नाही. 2020 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला. पश्चिम आफ्रिकेतल्या सहारा आणि त्याच्या दक्षिणेचा कोरडा साहेल यांच्या 13 लाख चौरस किलोमीटर पट्ट्यात संगणकाने एकेक झाड वेगळं ओळखलं आणि आकडा निघाला 180 कोटींच्या वर. तोवर आमच्या नकाशांवर तो मुलूख जवळजवळ उघडा होता, कारण वनाची व्याख्याच दाट झाडी डोळ्यांसमोर ठेवून केलेली. शेतात सुटं उभं असलेलं झाड ना वनखात्याच्या वहीत, ना शेतकीखात्याच्या. ते काम पाहून मला मनापासून आनंद झाला होता. फक्त एक गोष्ट त्या चित्रात दिसत नाही: झाड कुणाचं? तोडायची परवानगी कुणाला, शेंगा कोण वेचतं, सावलीत कुणाची गुरं बसतात? कोरड्या प्रदेशात झाड जगतं की मरतं हे पावसाइतकंच या प्रश्नांवर ठरतं. माझ्या सगळ्या कामातून मला कळलेली मुख्य गोष्ट हीच आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाचं उदाहरण तू अभ्यासात वाचलंच असशील, पण पुस्तकात ते फार गुळगुळीत करून सांगतात. मरादी भागात टोनी रिनाउदो नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस 1980च्या दशकाच्या सुरुवातीला रोपं लावत होता आणि ती मरत होती. 1983 साली त्याच्या लक्षात आलं की शेतात जी झुडपं म्हणून लोक दरवर्षी छाटून टाकतात, ती झुडपं नाहीतच. तोडलेल्या झाडांचे ते जिवंत खुंट आहेत. खाली मुळं शाबूत, दरवर्षी फुटवे येतात आणि दरवर्षी कापले जातात. मग रोपवाटिका नको, टँकर नको. चार-पाच जोमदार फुटवे राखायचे, बाकीचे काढायचे, राखलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटत जायच्या. पुढच्या साधारण वीस वर्षांत दक्षिण नायजरमध्ये सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं परत आली, आणि त्यातली बहुतेक कुणी लावलेली नव्हती.

पुस्तकं इथवर सांगतात आणि थांबतात. पण शेतकरी तोवर फुटवे का राखत नव्हते? अडाणी होते म्हणून? फ्रेंच वसाहतीच्या काळापासून कायद्याने झाड सरकारी मालमत्ता. स्वतःच्या शेतातलं झाड छाटलं तरी वनरक्षक दंड करणार. अशा वेळी शहाणा शेतकरी काय करेल? झाड होऊच देणार नाही. वनरक्षकांचा हात सैल झाला, ‘राखलंस तर ते तुझं’ असा भरवसा हळूहळू बसला, तेव्हा तंत्र पसरलं. मरादीची गोष्ट म्हणजे खुंटांची जितकी, तितकीच दंडाच्या पावतीची आहे. वनशास्त्राच्या वर्गात ती पावती कुणी दाखवत नाही, हे मला अजून खटकतं.

तिथल्या झाडांमध्ये फायधर्बिया आल्बिडा बघ. पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं. खाली पीक उभं असतं तेव्हा ऊन अडत नाही, आणि चारा संपतो तेव्हा शेंगा मिळतात. झाडांमुळे वारा अडतो. नाहीतर पेरणीनंतर वाऱ्याने उडालेली वाळू कोवळी रोपं गाडून टाकते आणि पुन्हा पेरायची पाळी येते. पीक बुडालं त्या वर्षी छाटलेलं लाकूड विकून धान्य आणता येतं. ‘हवामान बदलाशी जुळवून घेणं’ हा जो शब्दसमूह तुझ्या दोन्ही कागदांत पानोपानी आहे, त्याचा जमिनीवरचा अर्थ एवढाच: वाईट वर्षी घरात काहीतरी शिल्लक असणं.

इथेच कार्बनच्या हिशेबाशी माझं भांडण आहे. विरळ झाडीच्या कोरड्या जमिनीत हेक्टरी कार्बन थोडा साठतो, म्हणून साठलेल्या कार्बनचं श्रेय पैसे देऊन विकत घेणाऱ्याच्या लेखी ती जमीन हलकी. मग दर हेक्टरी झाडं वाढवा, दाट लावा, असा आग्रह सुरू होतो. बुर्किना फासोमध्ये भूजलाचा एक नेटका अभ्यास झाला, 2016 साली प्रसिद्ध झालेला, तो शोधून वाच. झाडं अजिबात नसतील तर माती कडक होऊन पाणी वाहून जातं. फार दाट असतील तर झाडंच ते पिऊन टाकतात. मध्यम विरळ झाडीखाली सर्वात जास्त पाणी मुरतं. त्याच वर्षी चीनच्या लोएस पठाराबद्दलही इशारा छापून आला, की तिथलं पुनर्वनीकरण आता पाण्याच्या मर्यादेला टेकत चाललंय. म्हणजे जास्त झाडं हे उत्तर नेहमी बरोबर नसतं. ही गोष्ट तुझ्या गटात कुणाला पटेल का, हे विचारून घे. पटत असेल तर ती नोकरी मला आवडेल.

आणि परदेशी झाडाचा मोह. विलायती बाभूळ, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. दुष्काळात टिकते, जळण देते, वाळू थोपवते, म्हणून ती जगभर नेली. केनियाच्या बारिंगो भागात 1980च्या दशकात लावली. पुढे ती कुरणांवर चढली, पाणवठ्यांच्या वाटा अडवल्या. गोड चिकट शेंगा खाऊन शेळ्यांचे दात गेले. तिथल्या लोकांनी सरकारला कोर्टात खेचलं आणि पुरावा म्हणून एक बोळकी शेळी हजर केली. (आमच्या व्यवसायातल्या सगळ्या अहवालांपेक्षा ती शेळी जास्त परिणामकारक होती, असं मी दरवेळी म्हणते आणि दरवेळी सहकाऱ्यांना राग येतो.) लावणाऱ्यांनी टिकाऊपणा मोजला होता. ज्यांची गुरं तिथं चरत होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

याच्या उलट टांझानियातल्या शिन्यांगाचं. सुकुमा लोक कोरड्या दिवसांसाठी कुरणाचा एक तुकडा राखून ठेवत, त्याला न्गितिली म्हणतात. 1970च्या दशकात लोकांना हलवून नव्या गावांत बसवलं तेव्हा ही व्यवस्था विस्कटली. 1986 साली सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमाने आधी रोपं वाटून पाहिली, पण खरी हिरवळ आली ती न्गितिली पुन्हा धरल्यावर. गावाकडे नियम आधीपासून होता.

बायकांचा प्रश्न वेगळा विचारायचा, घरातल्या पुरुषाच्या तोंडून नाही. पश्चिम आफ्रिकेत कित्येक ठिकाणी झाड लावणं म्हणजे जमिनीवर हक्क सांगणं. म्हणून बाईला कसायला जमीन मिळते, झाड लावू देत नाहीत. शिया नावाच्या तिथल्या तेलबियांच्या झाडाच्या बिया मात्र बायकाच वेचतात, तेलही त्याच काढतात. आता ‘महिलांना रोपवाटपा’चा कार्यक्रम घेऊन गेलास तर काय होईल, तूच बघ. तीच गत पशुपालकांची. सर्वेक्षणाला जाशील तेव्हा ते कळप घेऊन लांब गेलेले असणार आणि गावकरी म्हणणार, इथे आम्हीच राहतो. मग कुंपण पडतं आणि परत आलेला कळप कुंपणाशी अडतो. सर्वेक्षणं होतात ती रस्ते कोरडे असताना. साहेलमध्ये भुकेचे दिवस येतात पावसात, पीक हाती लागायच्या आधी. त्या दिवसांत राहून ये. चिखल असतो, गाडी रुतते, पण खरी माहिती तेव्हाच मिळते.

दुसऱ्या नोकरीचं वाईटही सांगते. प्रकल्प तीन वर्षांचा आणि झाड पंधरा वर्षांचं, हे गणित तुझ्या सगळ्या कारकिर्दीत सुटणार नाही. तिसऱ्या वर्षी जगलेल्या रोपांचं प्रमाण लिहून अहवाल जातो. दहाव्या वर्षी मोजायला पैसे कुणी देत नाही. म्हणून प्लॉटच्या खुणा, अक्षांश-रेखांश, वह्या, सगळं दोन ठिकाणी ठेव आणि एक प्रत गावात ठेव. शोधनिबंध उशिरा येतील. उपग्रहवाल्या मित्रांचे चार होतील तेव्हा तुझा एक होईल, आणि बढतीच्या समितीला ते दिसेल. घरापासून लांब राहावं लागेल, त्याचा त्रास तुला होईल आणि तुझ्याबरोबर राहणाऱ्या माणसालाही होईल. त्या माणसाला आधी विचार, नंतर नको. तिथली बोली शीक. दुभाषा कितीही चांगला असला तरी भांडणाचं भाषांतर तो सौम्य करून सांगतो, आणि तुला भांडणच ऐकायचं असतं.

एकट्या संशोधकाने काही उगवतं असंही मानू नकोस. बुर्किना फासोतले याकुबा सावादोगो शेतकरी होते. कोरड्या दिवसांत कडक जमिनीत खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत टाकायचं, ही तिथली जुनी झाई पद्धत त्यांनी सुधारली. खताला वाळवी येते, ती जमीन पोकळ करते, पहिला पाऊस तिथे मुरतो. पिकाबरोबर झाडंही उगवली, ती त्यांनी राखली आणि वन उभं केलं. 2018 चा राइट लाइव्हलिहुड पुरस्कार त्यांना आणि रिनाउदोला एकाच वर्षी मिळाला, ही मला योग्य जोडी वाटते. पण पुढे शहर वाढलं आणि त्या वनाचा काही भाग घरांच्या प्लॉटमध्ये गेला. पुन्हा तोच प्रश्न, जमीन कुणाची.

आता तुझ्या कागदांबद्दल. दुसऱ्या नोकरीच्या जाहिरातीत ‘लोकसहभाग’ पाच ठिकाणी आहे आणि चराईचा उल्लेख एकदाही नाही. मुलाखतीत सरळ विचार: प्लॉट बंद केल्यावर तिथली गुरं कुठे जातात, आणि झाडं मोठी झाल्यावर ती तोडायचा हक्क लेखी कुणाच्या नावावर आहे? पहिल्या नोकरीतही विचार, की कार्बनचे पैसे कोणत्या खात्यात जमा होतात. दोन्हीकडून काय उत्तर आलं ते आहे तसं लिहून पाठव, सही त्यानंतर करू.

तुझी,
आई