घारापुरीच्या गावांचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
स. न.

घारापुरी म्हटलं की लेणी, हे आता साऱ्या जगाला पाठ आहे. 1987 साली युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्याचा आम्हा बेटकऱ्यांना अभिमान आहे. पण या बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत, त्यांत हजार-बाराशे माणसं पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत, हे गेटवेवरून तासभर लाँचमध्ये बसून येणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं? मी राजबंदरची. लग्न होऊन या बेटावर आले आणि लेण्यांच्या पायऱ्यांवर दुकान लावून मुलं मोठी केली. हे पत्र या तीन गावांसाठी लिहिते आहे.

लेण्यांची मापं झाली, नकाशे झाले, सुमारे 20 फुटांच्या त्या महेशमूर्तीवर पुस्तकं निघाली. मोराबंदरच्या किनाऱ्यावर जुन्या रोमन कुंभांची खापरं मिळाली, त्यांचीही नोंद झाली. ते सगळं योग्यच झालं. मात्र त्याच किनाऱ्यावर आयुष्यभर खडकांवरची कालवं, म्हणजे खायचे शिंपले, फोडणाऱ्या बायकांची नोंद कुठे आहे? ओहोटीला कोणता खडक आधी उघडा पडतो, कोणत्या खडकावरची कालवं मोठी, उधाणाचं पाणी किती वेळात पाठीशी येतं, हे त्यांना अंधारातही कळायचं. आमच्याकडे पूर्वी घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. त्यावर होडी कधी काढायची, डोल, म्हणजे पाण्यात बांधून ठेवायचं जाळं, कुठे लावायची, लग्नाचं वऱ्हाड पलीकडे कधी न्यायचं, सगळं ठरे. माझ्या मुलाला भरती-ओहोटीची वेळ मोबाइलवर बघावी लागते. त्यात त्याचा दोष नाही. समोर न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं, 2024 च्या जानेवारीत उत्तरेला अटल सेतू खुला झाला. मासेमारीची जागा आखडत गेली तशी आमची माणसं दुकानं, हॉटेलं, लाँच आणि गाइडच्या कामाकडे वळली. जो धंदा पोरांनी केलाच नाही, त्यातलं शहाणपण त्यांच्यापर्यंत येणार कुठून?

आमच्या आगरी समाजात लग्न लागतं ते धवलारणीच्या, म्हणजे धवले ही लग्नविधींची गाणी म्हणणाऱ्या बाईच्या, गाण्याने. हळद, तेलवण, मांडव, प्रत्येक विधीचा धवला वेगळा. धवलारीण देवांना आवतण देते, गेलेल्या वाडवडिलांना मांडवात बोलावते, आणि त्यांची नावं घेता घेता घराण्याची कुळकथाच गाते. माझ्या सासूबाई धवलारीण होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण रात्र सरली तरी त्यांचे धवले सरत नसत. कितीतरी घरांच्या चार-चार पिढ्यांची नावं त्यांच्या तोंडी होती. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची मुलं आली, दोन दिवस त्यांच्याजवळ बसून सगळं रेकॉर्ड करून घेऊन गेली. मुलं चांगली होती, सासूबाईंनीही जीव ओतून गायलं. प्रत पाठवतो म्हणाली, ती आजवर आलेली नाही. सासूबाई गेल्या. त्यांचा आवाज कुठल्या तरी कपाटात किंवा संगणकात पडून असेल आणि त्यांच्या नातीच्या हळदीला मात्र आम्ही डीजे लावला. हे लिहिताना आजही गळा दाटतो.

फोटोंचंही तसंच. आमच्या बायका नऊवारी नेसून, डोक्यावर हंडे घेऊन पायऱ्यांपाशी उभ्या राहतात, पर्यटक फोटो काढतात आणि चार पैसे देतात. अनेक घरांची चूल त्यावर पेटली आहे, त्यात कमीपणा वाटावा असं काही नाही. अशा बायकांचे फोटो आज देशोदेशींच्या घरांत असतील. पण त्यातल्या कुणी गेल्या की दहाव्याला लावायला घरात फोटो सापडत नाही. मग आधार कार्डावरचा मोठा करून आणावा लागतो.

या बेटावरून गोष्टी जाण्याची सवय जुनीच आहे. लेण्यातला शिलालेख पोर्तुगिजांनी काढून नेला, तो पुढे हरवला, म्हणून लेणी नक्की कुणी कोरली यावर अजून वाद चालतो. राजबंदरकडचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून बेटाला परक्यांनी एलिफंटा नाव दिलं, तो 1864 मध्ये मुंबईला गेला. त्याचे तुकडे 1914 साली जोडले. आज तो भायखळ्याच्या राणीबागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. तो परत द्या, असं मी म्हणत नाही. पण दगडाचे तुकडे पन्नास वर्षांनीही जोडता आले. माणसाच्या तोंडातलं गाणं आणि डोक्यातला किनारा त्या माणसाबरोबर जातो, तो कोण जोडणार?

विजेचीच गोष्ट घ्या. 22 फेब्रुवारी 2018 ला समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून आमच्याकडे कायमची वीज आली. त्याआधी संध्याकाळी सातच्या सुमाराला जनरेटर सुरू होई आणि दहाला बंद. त्या तीन तासांत मुलांचा अभ्यास, दळण, टीव्ही, सगळं उरकायचं. मासळी टिकवायची तर मीठ आणि ऊन, दुसरा उपाय नाही. दुकानात थंड पाणी ठेवायचं तर बर्फ लाँचमधून आणायचा, तो उतरेपर्यंत निम्मा वितळलेला. एखादी बाई रात्री अडली तर तिला होडीत घालून पलीकडे न्यायचं आणि वारा पडू दे म्हणून घारापुरीच्या महादेवाला नवस बोलायचा. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना आम्ही असे दिवस काढले. केबल टाकली त्या वर्षी जन्मलेली मुलं आता शाळेत जातात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही, कारण सांगायला आम्हाला दुकानांतून सवड नाही.

म्हणून माझी विनंती आहे. लेण्यांच्या आवारात पुरातत्त्व खात्याचं छोटं माहिती दालन आहे. त्यात एक भिंत तरी तिन्ही गावांना द्यावी. जुनी पागेरी जाळी, कालवं फोडायच्या कोयत्या, भाताचे कणगे अजून काही घरांत माळ्यावर पडून आहेत, लोक आनंदाने देतील. ग्रामपंचायतीने घरोघरचे फोटो आणि सातबारे स्कॅन करून एक प्रत आपल्याकडे, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवावी. उरण आणि पनवेलच्या महाविद्यालयांतल्या मराठी आणि इतिहासाच्या मुलांनी म्हाताऱ्यांची बोलणी त्यांच्याच आगरी-कोळी बोलीत रेकॉर्ड करावीत. शेतांची, खडकांची, पाणवठ्यांची गावातली नावं नकाशावर चढवावीत. आणि एक अट सर्वांनी पाळावी. जे काही रेकॉर्ड होईल त्याची प्रत, बोलणाऱ्याच्या घरी पोहोचल्याशिवाय, बेटाबाहेर जाऊ नये.

याला मोठा निधी लागत नाही. हातातला मोबाइल पुरतो. गावातल्या पोरांनीही कुणाची वाट न पाहता आपल्या आजीपासून सुरुवात करावी, मी माझ्या मुलाला त्याच्या आत्याकडे बसवलं आहे. तिला आईचे काही धवले अजून येतात, तुटक का होईना.

वेळेचं म्हणाल तर पावसाळा सर्वांत बरा. समुद्र खवळला की लाँच कमी होतात, दुकानं बंद असतात, म्हातारी माणसं ओटीवर जाळी विणत नाहीतर तांदूळ निवडत बसलेली असतात आणि बोलायला त्यांना कुणीतरी हवंच असतं. येणाऱ्यांची राहण्या-जेवण्याची सोय गावातली घरं करतील, माझ्या घरापासून. फक्त आधी मोराबंदरला जावं. तिथल्या जुन्या कालवेवाल्यांपैकी आता मोजक्याच उरल्या आहेत आणि त्या थकल्या आहेत.

— एक दुकानदार महिला,
राजबंदर, घारापुरी (ता. उरण, जि. रायगड)