गाडी येते, पण बस निघून गेलेली असते

संपादक महोदय,

ग्रामीण पर्यटनाचा विषय निघाला की चर्चा रस्तारुंदी आणि वाहनतळापाशी येऊन थांबते. जितक्या मोटारी जास्त, तितके पर्यटन जोरात, असा सगळा हिशेब. पण मोटारवाला बहुधा डिकीत खाणेपिणे भरूनच येतो, दोन तास फिरतो आणि अंधार पडायच्या आत परततो. गावाच्या वाट्याला उरते ती धूळ. रेल्वेने येणारा पाठीवर पेलवेल तेवढेच आणतो. जेवण, मुक्काम, वाट दाखवणारा माणूस, सारे त्याला गावातच शोधावे लागते.

इंग्लंडमधला सेटल-कार्लाइल हा १८७६ पासून प्रवासी वाहतूक असलेला डोंगराळ मार्ग १९८०च्या दशकात बंद करायला निघाले होते. रिबलहेडच्या २४ कमानींच्या पुलाची दुरुस्ती परवडत नाही, ही सबब. पण डोंगर तुडवणाऱ्या हौशी मंडळींसाठी १९७५ पासून सुटीच्या दिवशी खास गाड्या बंद पडलेल्या स्थानकांवर थांबू लागल्या होत्या. १९८६ मध्ये त्यातली आठ स्थानके पुन्हा उघडली आणि १९८९ मध्ये मार्ग वाचला. हजारो हरकती आल्या होत्या. त्यात एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता! त्या मार्गाला तारले ते आडगावच्या थांब्यांनी. सजवलेल्या आलिशान पर्यटक गाड्यांचे मला म्हणूनच फारसे कौतुक नाही. त्या गावावरून जातात, गावात उतरत नाहीत.

आता थांब्यानंतरचे. एकदा अशाच एका छोट्या स्थानकावर उतरलो, तर फाटकापलीकडे बसची पाठ दिसली. पुढची तीन तासांनी. माझ्याबरोबर उतरलेल्या कुटुंबातल्या आजोबांनी बॅगेवरच बैठक मारली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी गाडी करूनच येऊ." पर्यटक रेल्वेला मुकतो तो असा.

स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडायला सुरुवात केली. तिथे खेड्यांकडे जाणाऱ्या पिवळ्या पोस्टबसच्या वेळा रेल्वेशी जुळवलेल्या असतात. ऑस्ट्रियातल्या वेर्फेनवेंग गावाने तर मोटार न आणणाऱ्या पाहुण्यांसाठी स्थानकावरून ने-आण आणि गावात विजेवरची वाहने, अशी सोय केली.

यासाठी नवे रूळ टाकायला नकोत. बसचे आणि रेल्वेचे वेळापत्रक एका टेबलावर बसून ठरवा, गाडीला उशीर झाला तर बस दहा मिनिटे थांबवा आणि परतीची शेवटची गाडी संध्याकाळी जरा उशिरा सोडा.

— एक नियमित वाचक