उपवासकाळ आणि धीर

संपादक साहेब नमस्कार,

ईस्टरआधीचा आमचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, राखेच्या बुधवारी सुरू होतो; त्या दिवशी कपाळावर राख लागली की ऑफिसात सगळे विचारतात, चाळीस दिवस मटण बंद का? बंद असतं, पण लेंट म्हणजे तेवढंच नाही हो. माझ्या आईचं डायलिसिस चालू आहे, तिच्यासोबत थांबताना मला खरंच भीती वाटते आणि अशा वेळी क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्रीचा, गेथशेमाने बागेतला येशू आठवतो, तोसुद्धा घाबरला होता, हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर असं देवबापाला म्हणाला आणि तरी पळाला नाही. घाबरलेल्या माणसाला देव हाकलत नाही, हे मला तिथून कळतं आणि मग मी परत आईजवळ जाऊन बसते. आपल्या पंडिता रमाबाईच बघा ना, आईवडील दुष्काळात गेलेले, नवराही लवकर गेला, आणि तीच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आली, केडगावचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींचं आश्रयस्थान, त्यातूनच उभं राहिलं (पुण्याहून ट्रेनने सहज जाता येतं, जाऊन या). एवढं बळ तिला प्रार्थनेतून मिळालं असं मी मनापासून मानते. गुड फ्रायडेच्या पुरवणीत तिच्यावर एक सविस्तर लेख द्याल का?

- एक वाचक, गुरुवार पेठ, पुणे